शोलाकिळी : डोंगरमाथ्यावरील एका लहान पाखराचा पाठ

ह्या पाठात आम्ही एका लहानशा पाखराची हकीगत सांगण्याचे योजिले आहे. हे पाखरू आपल्या गावच्या शिवारात कोणास दिसावयाचे नाही. आपला सह्याद्री तापी नदीजवळ उगम पावून दक्षिणेकडे जात जात कर्नाटक, केरळ व तामिळनाडू ह्या राज्यांत शिरतो. तेथे त्याचे माथे आपल्या कळसूबाईहून पुष्कळ उंच होतात. त्या उंच माथ्यांवरील थंड, ओल्या रानात हे पाखरू राहते. त्याचे नाव शोलाकिळी.

इतक्या दूरच्या पाखराशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हे की, ह्या पाखराच्या घराविषयी माणसांची जी गैरसमजूत झाली, ती कोणत्याही गावी व कोणत्याही माळावर होण्यासारखी आहे. म्हणून उपदेशक व शिक्षक बंधूंनी हा पाठ मोठ्यांस व मुलांस वाचून दाखवावा, आणि शेवटी दिलेले प्रश्न विचारून त्यांजकडून उत्तरे काढून घ्यावीत.

१. पाखराची ओळख

शोलाकिळी आकाराने लहान, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटर लांब असते. वीतभरही भरत नाही. तिचा रंग गर्द पाटीसारखा निळसर काळा असून कपाळावर फिकट पट्टी असते. पाय लांब, शेपटी आखूड व पंखही फारसे मोठे नसतात. नर व मादी दिसण्यात जवळजवळ सारखीच असतात. नीलगिरीकडील पाखराच्या कुशी तांबूस असतात; त्याच्या दक्षिणेस पळणी व अन्नामलै डोंगरांतील पाखराचे पोट पांढरे असते.

तिचा आहार मुख्यत्वेकरून किडे होत. रानाच्या तळाशी कुजलेल्या पाचोळ्याचा जाड थर असतो. त्यात ती लांब पायांनी टुणटुण उड्या मारीत हिंडते व किडे टिपते. उंच झाडाच्या शेंड्यावर ती क्वचितच जाते. जमिनीपासून हातदोन हात उंचीच्या झुडपांत तिचा बहुतेक जन्म जातो. पहाटे उजाडण्यापूर्वी व सायंकाळी अंधारताना ती अधिक चपळ असते. त्या वेळी धुक्यातून तिचे गाणे ऐकू येते. ते बराच वेळ चालते व त्यात शिळा आणि घरघर ह्यांची मिसळ असते. ऐकणाऱ्यास पाखरू दिसत नाही, केवळ गाणे कानी पडते.

पावसाळ्यापूर्वी, एप्रिल ते जूनच्या सुमारास, ती झाडाच्या ढोलीत किंवा मातीच्या दरडीतील पोकळीत शेवाळाचे व बारीक मुळ्यांचे घरटे करते. अंडी बहुधा दोनच असतात. जी पाखरे एका विणीत पुष्कळ अंडी घालतात, त्यांची संख्या एखाद्या वाईट वर्षी घटली तरी लवकर भरून येते. दोन अंडी घालणाऱ्या पाखराचे तसे नाही. त्याचे एकदा नुकसान झाले की ते भरून निघण्यास फार दिवस लागतात.

२. शोला म्हणजे काय

ज्या रानावरून ह्या पाखरास नाव मिळाले, ते रान समजल्यावाचून पाखरू समजणार नाही. तमिळ भाषेत राईस किंवा दाट वनास 'सोलै' म्हणतात. त्याचेच 'शोला' झाले. 'किळी' म्हणजे पाखरू. शोलाकिळी म्हणजे शोल्यातील पाखरू.

समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरांच्या वर डोंगरमाथ्याचे स्वरूप पालटते. तेथे सगळीकडे सलग जंगल नसते. डोंगराच्या उघड्या पाठीवर व उतारांवर गवत असते, आणि दोन टेकड्यांमधील घळीत, जेथे पाणी झिरपते, तेथे बुटक्या झाडांची दाट राई असते. ही राई म्हणजे शोला. झाडांच्या खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, खाली आपल्याकडील कारवीच्या जातीची झुडपे, आणि त्यांखाली स्पंजासारखी मऊ माती, असा तेथील थाट असतो. गवत व शोला ह्यांमधील सीमा इतकी स्पष्ट असते की, माणूस उन्हातून एक पाऊल टाकतो तो काळोखात शिरतो.

पूर्वी पुष्कळ लोकांस असे वाटे की, हे सर्व डोंगर मुळात जंगलानेच झाकलेले होते, आणि माणसांनी झाडे तोडून व आगी लावून तेथे गवत केले. परंतु नीलगिरीवरील दलदलींत साचलेल्या जुन्या थरांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा तेथील गवत सुमारे २०,००० वर्षांपूर्वीही होते असे दिसून आले. हिवाळ्याच्या रात्री ह्या उघड्या उतारांवर दहिवर गोठून बर्फ पडते व झाडांची कोवळी रोपे करपून जातात. मोठ्या झाडांच्या आसऱ्याखाली, घळीत, ती जगतात. गवत टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण होय. शोला जितका जुना तितकेच गवतही जुने, आणि दोन्ही मिळून ते एकच घर आहे.

३. ढगांतील बेटे

आता ह्या पाखराचे मोठे आश्चर्य सांगावयाचे. सह्याद्रीची रांग दक्षिणेत एके ठिकाणी तुटली आहे. त्या ठिकाणास पालघाटची खिंड म्हणतात. ती ३० ते ४० किलोमीटर रुंद असून तेथील जमीन सखल व उष्ण आहे. उत्तरेस नीलगिरी, दक्षिणेस अन्नामलै व पळणी. आणखी दक्षिणेस शेंकोट्टाची खिंड आहे. ती ह्याहून पुष्कळ अरुंद. तिच्या पलीकडे आशांबू डोंगर.

घार किंवा बगळा ही खिंड थोड्या वेळात ओलांडील. शोलाकिळी मात्र ओलांडीत नाही. तिचे पंख आखूड, तिचा स्वभाव दाट सावलीत राहण्याचा, आणि तिचे शरीर थंड हवेस सरावलेले. उष्ण मैदान तिला समुद्रासारखे आहे व तिचा डोंगर म्हणजे त्या समुद्रातील बेट. ढगांच्या वर डोके काढणाऱ्या ह्या डोंगरांस शास्त्रज्ञ आकाशातील बेटे असेच म्हणतात.

लक्षावधी वर्षे हा वियोग चालला. त्याचा परिणाम असा झाला की, आज पालघाटच्या उत्तरेस एक जात, दोन खिंडींच्या मध्ये दुसरी व शेंकोट्टाच्या दक्षिणेस तिसरी, अशा तीन जाती आढळतात. सगळ्यांचे पूर्वज एक. पण दऱ्यांनी त्यांस वेगळे केले. ह्या तीन जाती सर्व पृथ्वीवर दुसरीकडे कोठेही नाहीत. नीलगिरीचे चार शोले गेले तर त्यांची भरपाई दुसऱ्या देशातून पाखरे आणून करता येणार नाही.

४. नावे कशी पडली

डोंगरातील रहिवाशांस हे पाखरू पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. ग्रंथांत मात्र त्याची नोंद १८४० नंतरच्या दशकात झाली. मद्रास इलाख्यातील लष्करी डॉक्टर थॉमस जर्डन ह्यांनी नीलगिरीच्या पाखराचे वर्णन लिहिले. पांढऱ्या पोटाच्या जातीचे वर्णन भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड ह्यांनी १८६८ च्या सुमारास केले.

येथे मराठी वाचकांस ओळखीचे वाटेल असे एक नाव येते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात वडाळा येथे रे. सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२-१८९८) हे मराठी मिशनचे मिशनरी होते. त्यांस पक्ष्यांचा मोठा नाद होता. खंडाळा, महाबळेश्वर येथील पक्ष्यांच्या याद्या त्यांनी केल्या, आणि पळणी डोंगरांतही त्यांनी पक्षी जमविले. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ साली कोडैकनाल हे थंड हवेचे ठिकाण ह्याच पळणी डोंगरांवर वसविले होते. त्या रानात शोलाकिळीच्या शेजारी राहणारे, कर्कश हसल्यासारखा आवाज करणारे एक पाखरू आहे. तिकडे त्यास चिलप्पन म्हणतात. त्याच्या पळणीतील जातीस ब्लॅनफर्ड ह्यांनी १८६९ साली फेअरबँक ह्यांचे नाव दिले, आणि शास्त्रीय ग्रंथांत ते नाव अद्यापि चालू आहे.

शोलाकिळीच्या आप्तांविषयी मात्र विद्वानांत पुष्कळ काळ घोटाळा होता. तिचे लांब पाय व आखूड पंख पाहून कोणी तिला आखूड-पंख्यांच्या कुळात घातले, तर कोणी दयाळाच्या नात्यातील म्हटले. पुढे व्ही. व्ही. रॉबिन व त्यांचे सहकारी ह्यांनी डोंगरोडोंगरी हिंडून रक्ताचे नमुने तपासले, शरीराची मापे घेतली व गाण्यांचे ध्वनिलेख जमविले. त्यावरून १८ व्या व १९ व्या शतकांतील पद्धतीने केवळ रूप पाहून ठरविलेली नाती बरोबर नव्हती असे दिसून आले. शोलाकिळीचे जवळचे आप्त म्हणजे निळे माशीमार पक्षी होत. त्यांतला एक, टिकेलचा निळा माशीमार, आपल्या महाराष्ट्रातील रानांतही गातो. जमिनीवर किडे टिपण्याचा धंदा पत्करल्यामुळे शोलाकिळीचे रूप पालटले, एवढेच. १८ डिसेंबर असो की ८ जून, तिचा धंदा तोच. ह्या शोधावरून २०१७ साली तिच्यासाठी 'शोलिकोला', म्हणजे शोल्यात राहणारी, असे स्वतंत्र कुळनाम योजण्यात आले, आणि आशांबू डोंगरातील जात निराळी असल्याचेही त्याच वेळी जाहीर झाले.

५. 'पडीक' ह्या शब्दाने केलेली हानी

आता आम्ही पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदार नीलगिरीवर राहावयास गेले, तेव्हा त्यांस शोल्याची लाकडे दिसली व मोकळे गवत दिसले. लाकूड जळणास उपयोगी. म्हणून शोले तुटू लागले. गवतावर पीक नाही व सारा नाही. म्हणून ते पडीक ठरले. तोडा लोक त्या गवतावर पिढ्यान् पिढ्या आपल्या म्हशी चारीत होते व त्याच गवताने आपली देवळे शाकारीत होते. त्यांच्या दृष्टीने ती जमीन पडीक नव्हती. परंतु कागदावर जो शब्द लिहिला गेला, तोच पुढे चालला.

मग त्या 'पडीक' जमिनीचा उपयोग करण्याचे ठरले. जळणासाठी ऑस्ट्रेलियातून निलगिरीचे झाड, म्हणजे युकॅलिप्टस, आणून लावले. कातडी कमाविण्यास लागणाऱ्या सालीसाठी त्याच खंडातील वॅटल नावाचे बाभळीच्या जातीचे झाड लावले. काही उतारांवर चहाचे मळे झाले. देश स्वतंत्र झाल्यावरही हे काम थांबले नाही, उलट वाढले. कारण कागद व कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांस लाकडाचा लगदा पाहिजे होता. ज्यांनी झाडे लावली त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. उघडा डोंगर हिरवा करणे हे पुण्यकर्म आहे, असेच पुष्कळांस प्रामाणिकपणे वाटत होते.

परिणाम मात्र निराळा झाला. वॅटलचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि झाड तोडले किंवा जाळले तर पुन्हा दाट रोपे उगवतात. त्यामुळे ते लावलेल्या जागेत न राहता गवतावर पसरत गेले. नीलगिरीवरील एका पाणलोटात गवताच्या जागी युकॅलिप्टस लावून ओढ्याचे पाणी कित्येक वर्षे मोजण्यात आले. तेव्हा पाण्याचा प्रवाह घटल्याचे आढळले. ह्याच डोंगरांतून भवानी नदी निघते व कावेरीस मिळते. खाली मैदानात शेत भिजविणारा शेतकरी शोलाकिळीचे नावही जाणत नसेल. तरी दोघांचेही पाणी एकाच ठिकाणाहून येते.

पाखरावर काय गुदरले तेही ऐका. शोल्याच्या कडेच्या मळ्यात खाली दाट झुडूप असेल तर शोलाकिळी तेथे केव्हा केव्हा दिसते. परंतु चहाचा उघडा उतार, रस्ता, वस्ती व कोरडा पाचोळा असलेले युकॅलिप्टसचे रान हे तिच्या चालीचे नाही. त्यामुळे पूर्वी दऱ्यांनी केलेली बेटे आता माणसांनी आणखी लहान लहान तुकड्यांत फोडली आहेत. नीलगिरीची व पांढऱ्या पोटाची, अशा दोन्ही जातींची गणना जगातील संकटात सापडलेल्या पक्ष्यांत होते.

६. तुटलेले गाणे

ह्या तुकड्यांचा परिणाम प्रथम कोठे दिसला हे फार ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो गाण्यात दिसला. गाणाऱ्या पाखरांचे पिल्लू आपले गाणे वडीलधाऱ्यांचे ऐकून शिकते, जसे आपले मूल आपली बोली शिकते. शोला सलग असेल तर एका कडेचे गाणे दुसऱ्या कडेस पोहोचते. मध्ये मळा किंवा वस्ती आली म्हणजे पलीकडचे गाणे ऐकू येईनासे होते, आणि प्रत्येक तुकड्यात निराळी बोली पडत जाते. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीच्या अभ्यासात असे आढळले आहे की, माणसांनी अलीकडे तोडलेल्या रानांच्या तुकड्यांतही गाण्यांत फरक पडला आहे. रक्तात फरक पडण्यास फार काळ लागतो. बोलीत तो लवकर पडतो. म्हणून गाणे बदलले ही पाखरांची मंडळी एकमेकींपासून तुटत चालल्याची पहिली खूण होय.

त्यात आणखी एक भय आहे. पृथ्वीची हवा उष्ण होत आहे. थंडीत राहणारी पाखरे अशा वेळी डोंगरावर वर वर सरकतात. पण शिखराच्या वर डोंगर नाही. जे पाखरू आधीच माथ्यावर राहते, त्यास सरकावयास जागा उरत नाही.

७. आता उपाय काय

निराश होण्याचे कारण नाही. वॅटल व युकॅलिप्टसची नवी लागवड त्या माथ्यांवर थांबली आहे, आणि काही ठिकाणी वॅटल उपटून पुन्हा देशी गवत लावण्याचे काम चालू आहे. हे काम कष्टाचे आहे. झाड एकदा तोडून भागत नाही. उगवणारी रोपे वर्षानुवर्षे हाताने उपटावी लागतात. शिवाय विचारही करावा लागतो. काही जुन्या वॅटलच्या सावलीत शोल्याची देशी रोपे आपोआप वाढू लागली आहेत. तेथे सरसकट तोड केली तर ती रोपेही जातील. म्हणून कोठे तोडावे व कोठे राखावे हे जागा पाहून ठरवावे लागते. लावताना जी घाई झाली ती तोडताना होऊ नये.

ह्या पाठातील सार आम्ही थोडक्यात सांगतो. हिरवे दिसते ते सर्व रान नव्हे, आणि उघडे दिसते ते सर्व पडीक नव्हे. आपल्या गावाभोवतीही माळ, गायरान, खडकाळ सडा व ओढ्याकाठची झुडपे असतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहणाऱ्यास उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. पावसाळ्यात तेथे फुलांचे गालिचे पसरतात, आणि २०१२ साली त्या पठारास सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हा एखादी जागा नांगरण्यापूर्वी, किंवा तेथे झाडे लावण्यापूर्वीसुद्धा, आपण थोडे थांबावे. तेथे कोणते गवत येते, कोणते पाखरू घरटे करते, पाणी कोठून झिरपते, हे त्या जागी गुरे चारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस विचारावे. त्यांची माहिती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नसते. झाडे जरूर लावावीत. पण जेथे झाड होते व गेले, तेथे त्याच मातीचे झाड लावावे.

शोलाकिळी आपले गाऱ्हाणे घेऊन कोणत्याही कचेरीत जाणार नाही. तिच्या जागेस कोणता शब्द लावावयाचा हे माणसांच्या हाती आहे. म्हणून तो शब्द लिहिण्यापूर्वी ती जागा नीट पाहावी.

विचारावयाचे प्रश्न

१. शोलाकिळी काय खाते व रानाच्या कोणत्या भागात राहते?
२. पालघाटची खिंड ती का ओलांडीत नाही? त्याचा परिणाम काय झाला?
३. डोंगरावरील गवत जुने आहे हे कशावरून कळले?
४. गवतावर परदेशी झाडे लावल्याने पाण्यावर कोणता परिणाम झाला?
५. पाखरांची मंडळी तुटत चालल्याची पहिली खूण कोठे दिसते, व का?
६. आपल्या गावात 'पडीक' म्हटलेली एखादी जागा सांगा. तेथे वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत काय काय उगवते व कोण कोण राहते, हे पाहून येऊन पुढील बैठकीत सांगा.